मागच्या दारची साय

बायको ह्युइना गेल्याचं कळलं त्या सकाळी फर्कर मॅके आयुष्यात पहिल्यांदा लापशी करत होता.

आदल्या दुपारच्या गाडीने ती इनव्हर्नेसच्या इस्पितळात गेली होती. छातीत धडधडतं म्हणून चार दिवसांच्या तपासण्या, एवढंच होतं. तो सोबत निघाला तर म्हणाली, “आणि कोंबड्यांकडे कोण बघणार? मी काय मरायला चाललेय?” कोट चढवून, डोक्याला रुमाल बांधता बांधता तिने त्याला चुलीपाशी नेलं आणि झाकलेलं पातेलं दाखवलं.

“ओटची भरड भिजत घातलीय. सकाळी मंद आचेवर ठेव. ढवळणं सोडू नकोस. मीठ शेवटी. बाकीचं आल्यावर सांगते.”

“बाकीचं म्हणजे काय? लापशीत आणखी असतं काय?”

“तेच ते,” ती म्हणाली आणि हसली. मग गाडीची वेळ झाली.

बुधवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला. फोन घरातच, पुढच्या दाराशी असलेल्या बोळात होता. फर्कर हातातली लापशी ढवळायची काठी तशीच घेऊन गेला. पलीकडची बाई फार हळू बोलत होती. घरात सोबतीला कुणी आहे का, असं तिने दोनदा विचारलं. फर्कर म्हणाला, “चुलीवर लापशी आहे.” तिने पुढे जे सांगितलं ते त्याने नीट ऐकून घेतलं, बरं म्हणाला, फोन ठेवला. काठीवरून लापशी जमिनीवर टपकत होती. पुसायचं फडकं कुठे असतं ते त्याला आठवेना. आठवणार कसं, त्याला ते कधी माहीतच नव्हतं.

दोन घरं सोडून राहणारी मेव्हणी डॉलिना करपल्याच्या वासाने आली. “अरे, घर पेटवतोस काय?” म्हणत आत शिरली आणि त्याचं तोंड पाहून थांबली. तिने पातेलं उचललं, मागच्या अंगणात नेऊन ठेवलं, परत येऊन खुर्चीत बसली. ह्युइना तिची धाकटी बहीण. बराच वेळ दोघं बसून होती.

पुढचे दिवस कसे गेले ते फर्करला सांगता आलं नसतं. शवपेटी खाली सोडताना डोक्याकडची दोरी त्याच्या हातात होती, ती हाताला काचली, एवढं त्याला आठवत होतं. मुलगी म्युरिअल ॲबर्डीनहून आली, आठवडाभर राहिली, कपाट आवरलं आणि गेली. शेजारपाजारच्या बायकांनी सूप आणलं, मटणाचे पाय आणले, केक आणले. पंधरा दिवसांनी तेही थांबलं, आणि एका सकाळी फर्कर पुन्हा चुलीपुढे उभा राहिला.

लापशी हा मॅके घराण्यात साधा विषय नव्हता. फर्करचे वडील चर्चमधले मोठे मानकरी होते, आणि घरातली लापशीसुद्धा त्यांनी नेमधर्मानेच चालवली होती. ओट, पाणी, मीठ. चौथा जिन्नस नाही. दूध हवंच तर वेगळ्या वाटीत, गार. गरम लापशीचा चमचा त्यात बुडवायचा आणि खायचा. पातेल्यात दूध घालणं हे दक्षिणेकडच्यांचे चोचले, आणि साखरेचं तर नाव काढायचं नाही. ढवळायला पळी नाही, बोटभर जाडीची गुळगुळीत लाकडी काठी, ती उजव्या हाताने, सूर्य फिरतो त्या दिशेने फिरवायची. आणि पुरुषांनी लापशी उभ्याने खायची, खिडकीशी.

फर्कर रेल्वेत रुळांच्या कामावर लागला तेव्हापासून तोही खिडकीशी उभा राहायचा. सात दहाची गाडी वेळेवर जाते का ते बघायचा. चूल पाठीमागे, ह्युइना पाठीमागे. पाठीमागूनच वाडगा हातात यायचा. त्या आधी आई होती तेव्हा तिच्या हातून यायचा, मग सहा वर्षं दोघी होत्या, मग एकटी ह्युइना. निवृत्त झाल्यावर गाडीशी त्याचा काही संबंध उरला नाही, तरी तो खिडकी सोडत नसे.

कामावर असताना टोळीतली माणसं शेडमध्ये डबे उघडायची तेव्हा तो सांगायचा, “आमच्याकडे पातेल्यात पाण्याशिवाय काही जात नाही. तरी साय खाल्ल्यासारखी लागते. हातात असावं लागतं ते.” बाकीचे मुकाट्याने खात राहायचे. ते का बोलत नाहीत याचा त्याने कधी विचार केला नाही.

आता त्याने त्याच पेटीतली भरड घेतली, तेच पातेलं, तीच काठी, त्याच नळाचं पाणी. रात्री भिजवली, सकाळी मंद आचेवर ठेवली, ढवळणं सोडलं नाही, मीठ शेवटी घातलं. झाली ती राखाडी खळ. दुसऱ्या दिवशी पाणी वाढवलं तर भरड तळाशी आणि पाणी वर. तिसऱ्या दिवशी तासभर ढवळलं. हात दुखून आला आणि लापशी अशी घट्ट झाली की काठी तिच्यात उभी राहिली. ह्युइनाची लापशी चमच्यावरून सावकाश घसरायची आणि जिभेवर मऊ पसरायची. ती का होत नाही, त्याला कळेना. पाणी बदललं असेल म्हणून त्याने शेजाऱ्याच्या विहिरीचं आणून पाहिलं. पातेल्याने करपल्याचा वास धरला असेल म्हणून वाळूने घासून काढलं.

डॉलिनाने एकदा चव घेतली. तिने चमचा परत वाडग्यात ठेवला.

“फर्कर, तू रेल्वे सोडलीस खरी, पण रुळाखालची खडी घरी आणतोस की काय?”

“तू करून दाखव मग.”

“मला नाही जमत तिच्यासारखी. कुणालाच नाही जमत.” हे तिने जरा घाईने म्हटलं. मग पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. “यासाठी आले. चर्चच्या बायका गावातल्या पदार्थांची वही करताहेत. एका घराचा एक पदार्थ, एक पान. छापायला जायची आहे. ह्युइनाचं पान लापशीचं, हे कुणाला विचारायलाही लागलं नाही. महिनाअखेर लिहून ठेव.”

पानाच्या डोक्यावर डॉलिनाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ह्युइना मॅके, लापशी. खाली पान रिकामं.

“मी कशाला? तू बहीण आहेस. तू लिही.”

“माझ्या पानावर माझे ओटकेक आहेत. आणि तिची लापशी चाळीस वर्षं गिळली कुणी, मी की तू?”

फर्करने पेन्सिलीने लिहिलं: ओट, पाणी, मीठ. त्यापुढे त्याची पेन्सिल अडली. हे तर तो रोज करत होता, आणि ही ती लापशी नव्हती. कुणा नव्या सुनेने पान वाचून लापशी केली आणि राखाडी खळ तोंडात घातली, तर ती म्हणणार, ह्युइना मॅके ह्यासाठी नावाजलेली होती? ते त्याला सहन होईना. तिच्या नावावर आता गावात दोनच गोष्टी राहणार होत्या, एक दगड आणि एक पान. दगड कोरणारा कोरील. पान त्याच्याकडे होतं.

रविवारी म्युरिअलचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, “तुझी आई लापशी कशी करायची गं?”

“बाबा, मला काय माहीत? मला ती कधी आवडलीच नाही.”

“तू तर रोज खायचीस.”

“तुम्ही गाडी बघत असायचात. आई मला टोस्ट द्यायची.”

फोन ठेवल्यावर तो बोळातच उभा राहिला. मुलीने अठरा वर्षं त्याच्या पाठीमागे टोस्ट खाल्ला होता.

त्याच आठवड्यात वॉटी आला. वॉटी बॅनरमन म्हणजे दूधवाला, चाळिशी उलटलेला, बोलायला लागला की न थांबणारा. त्या दिवशी मात्र तो पुढच्या दारात टोपी काढून ती हातात फिरवत उभा राहिला.

“फर्कर, विचारू की नको असं झालंय. महिना होऊन गेला. त्या मागच्या बाटलीचं काय करू?”

“कुठली मागची? बाटली इथे पुढे ठेवतोस तू. रोज मीच घेतो आत.”

“ही दुधाची झाली. मी सायीची म्हणतोय. मागच्या दारची, अर्धी बाटली.”

“आमच्याकडे सायीची बाटली येत नाही.”

वॉटीने टोपी उलटी केली, आत बघितलं, परत सुलटी केली. “आता आपणच उघडं पाडलं म्हणजे,” तो स्वतःशी पुटपुटला. मग म्हणाला, “मागे कपड्यांच्या दोरीखाली ती चिमट्यांची पेटी आहे ना, तिच्यात. रोज. ती मला अंडी द्यायची त्याबदल्यात. ती इस्पितळात गेली तेव्हापासून मी बंद ठेवलीय, मग हे असं झालं, म्हटलं जरा दिवस जाऊ देत. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी बोलाल.”

“किती दिवस चाललं होतं हे?”

“दिवस?” वॉटी म्हणाला. “मी एकोणीस वर्षं फेरी करतोय. बाबांनी फेरी दिली तेव्हा वही दिली. तुमच्या घरापुढे लिहिलं होतं, पुढे एक, मागे अर्धी, मागचं बोलायचं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, ही मागची बाटली सून यायच्या आधीपासूनची आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या आईपासूनची.”

वडील फर्करच्या डोळ्यांपुढे आले, खिडकीशी ताठ उभे, पाठ चुलीकडे, दक्षिणेकडच्यांना नावं ठेवत चमचा तोंडात घालणारे.

“कशाला लागत होती साय?” त्याने विचारलं. विचारतानाच त्याला प्रश्न मूर्खपणाचा वाटला, तरी विचारला.

“मी फक्त बाटली ठेवतो.”

“दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवतोस अशी मागे?”

“फर्कर, लोकांच्या मागच्या दारांबद्दल मी बोलत नाही,” वॉटी म्हणाला, आणि एवढं बोलून तो जवळजवळ पळालाच.

फर्कर मागे गेला. कपडे डॉलिनाच्या घरी धुवायला जात होते म्हणून महिनाभर दोरीकडे कुणी फिरकलं नव्हतं. पेटीत लाकडी चिमटे होते, आणि कोपऱ्यात एक रिकामी, धुऊन पुसून ठेवलेली छोटी बाटली. तिचं सोनेरी झाकणही बाजूला चपटं करून ठेवलेलं होतं. त्याने बाटली हातात घेतली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून परत पेटीतच ठेवली.

डॉलिनाने ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

“पातेल्यात साय? आमच्या ह्युइनाने? वॉटीला वेड लागलंय. मांजरीसाठी घेत असेल.”

“मांजर मेली त्याला बारा वर्षं झाली.”

“मग तोंडाला लावत असेल. बायका लावतात.”

“रोज अर्धी बाटली?”

“फर्कर, नीट आठव. ऑगस्टच्या मेळाव्यात लापशीच्या स्पर्धेत ती अकरा वर्षं पहिली आली. हॉलमध्ये, सगळ्या गावासमोर. टेबलावर ओट, पाणी, मीठ, आणि परीक्षक नाकासमोर बसलेले. तिथे कुठली साय?”

हे खरं होतं, आणि त्यामुळे फर्कर जास्तच गोंधळला. साय नसताना जर ती जिंकायची, तर साय कशाला? आणि सायीविना जर होत असेल, तर त्याची का होत नाही? मग त्याला एक वर्ष आठवलं. परीक्षक उठून गेल्यावर त्याने तिच्या पातेल्यातला तळ चाटला होता आणि म्हणाला होता, चांगली आहे, पण घरच्यासारखी नाही झाली. ह्युइनाने पातेलं पुसत उत्तर दिलं होतं, “लोकांसमोर हात घाबरतो.”

हे त्याने डॉलिनाला सांगितलं. डॉलिनाची मान लाल झाली. लाली कानापर्यंत चढली.

“तुझ्या मागच्या दाराला काय येतं गं?” फर्करने विचारलं.

“माझ्या मागच्या दाराला वारा येतो,” डॉलिना म्हणाली आणि उठली. दारापर्यंत जाऊन ती वळली. आता तिचा आवाज हळू होता. “पानावर काय लिहिशील ते विचार करून लिही. वही सगळ्या बायका वाचणार आहेत. त्यांचे नवरेही वाचतील. काही घरांत अजून माणसं खिडकीशी उभी राहून खातात.”

ती गेल्यावर फर्कर बराच वेळ खिडकीशी थांबला. ह्युइनाला त्याचं हसू आलं असेल का? चाळीस वर्षं रोज सकाळी, त्याच्या पाठीमागे? पण मग त्याला तिचं बोलणं आठवलं. बाकीचं आल्यावर सांगते. म्हणजे ती सांगणार होती. एवढी वर्षं न सांगितलेलं तिला तेव्हाच का सांगावंसं वाटलं? तिला काही कळलं होतं का? की त्याला चार दिवस बेचव लापशी खावी लागू नये, एवढंच होतं? मग तेव्हाच का नाही सांगितलं? गाडीला वेळ होता. दहा मिनिटं तरी होता. तो फलाटावर तिच्याशेजारी उभा होता आणि दोघं कोंबड्यांबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या दारात वॉटीला गाठलं.

“उद्यापासून ती अर्धी बाटली ठेव.”

“पुढे की मागे?”

फर्करने रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे शेजारीण पायरी पुसत होती.

“मागे,” तो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने साय पाण्याबरोबरच घातली. ती तळाला लागली आणि पातेलं पुन्हा वाळूने घासावं लागलं. दुसऱ्या दिवशी उतरवल्यावर घातली, तर लापशी गार झाली आणि साय वर तरंगत राहिली. तिसऱ्या दिवशी मिठाआधी थोडी थोडी घातली, अर्धी बाटली सगळी. फार झाली, जीभ लडबडली. मग त्याच्या लक्षात आलं की अर्धी बाटली सगळी लापशीत जात होती की काही तिच्या स्वतःच्या चहात, हेही त्याला माहीत नाही. ती चहात काय घ्यायची? त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तिचा कप दिसला, कपावरची निळी रेघ दिसली, आतलं दिसेना.

मग त्याने थोडी थोडी कमी करून पाहिली. एका सकाळी चार चमचे, एका सकाळी तीन. कधी मिठाआधी, कधी मिठानंतर. काठी सूर्याच्या दिशेने फिरत होती, तेवढं मात्र त्याच्याने बदलवेना. रोज खाऊन झाल्यावर तो वहीकडे बघायचा आणि वही तशीच ठेवायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याने तीन चमचे साय घातली, मिठाच्या जरा आधी, आणि भांडं आचेवरून अर्धं बाजूला ओढून ढवळत राहिला. लापशी चमच्यावरून सावकाश घसरली. वाडगा घेऊन तो सवयीने खिडकीशी गेला. सात दहाची गाडी वेळेवर गेली. त्याने पहिला घास खाल्ला.

जवळजवळ तीच होती.

“आज जमली,” तो म्हणाला आणि मागे वळला. चुलीपाशी पातेलं होतं, पातेल्यात काठी होती.

त्याने वाडगा टेबलावर आणला आणि बसून खाल्ला. खाता खाता त्याला वाटलं, जवळजवळ तीच आहे, पण ती नाही. काहीतरी एक आणखी आहे. की काहीच नाही आणि फक्त वाडगा देणारा हात नाही, हे त्याला ठरवता येईना. मग त्याने वही ओढली. साय असं लिहिलं तर अख्ख्या गावाला कळणार, की अकरा वर्षं पहिली येणारी ह्युइना घरी काय करत होती, आणि फर्कर मॅके शेडमध्ये बसून काय बोलत होता. काही घरांत मागची पेटी उघडली जाणार. आणि नाही लिहिलं, तर तिच्या नावाखाली राखाडी खळ राहणार.

त्याने पेन्सिलीला टोक केलं. खिडकीतून बघितलं. पुन्हा टोक केलं.

चार वाजता डॉलिना वही न्यायला आली तेव्हा पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ओट, पाणी, मीठ. मीठ या शब्दापुढे आता स्वल्पविराम होता, त्यापुढे जागा कोरी. डॉलिनाने तो पाहिला आणि वही टेबलावरच ठेवून गेली. जाताना एवढंच म्हणाली, “छापणाऱ्याला सांगते, एक पान यायचं आहे.”

ते पान अजून लिहून झालेलं नाही.